मांजर पहिल्यांदा माजावर कधी येते आणि ऑपरेशन कधी करायचं

घरात मांजरीचं मादी पिल्लू आहे आणि ते तीन-साडेतीन महिन्यांचं झालंय, तर हे आत्ताच वाचून घ्या, कारण "अजून लहान आहे, बघू दिवाळीनंतर" असं म्हणणाऱ्यांच्या घरी दिवाळीला पिल्लं असतात. मांजरीची मादी साधारण 5 ते 9 महिन्यांच्या मधे पहिल्यांदा माजावर येते, पण काही काही 4 महिन्यांतच येतात, आणि पहिल्याच माजात गाभण राहू शकतात. म्हणजे जी अजून स्वतःच पिल्लू दिसते, शेपटीमागं गोल गोल पळते, ती आई होऊ शकते. हाडं वाढायची राहिलेली असतात, अंगात ताकद नसते, बाळंतपण अडू शकतं, पिल्लं अशक्त निघतात, आणि कधी कधी ती पिल्लांकडं बघतच नाही कारण तिलाच काही कळत नसतं. त्यामुळं माझं सरळ म्हणणं आहे, पहिल्या माजाची वाट बघायची नाही, लसी पूर्ण झाल्या की पाचव्या महिन्याच्या आसपास नसबंदीचं ऑपरेशन उरकून घ्यायचं.

आता कुणाची चौथ्यात येते कुणाची दहाव्यात, असं का. एक म्हणजे वजन, अंगानं भरलेली मांजर लवकर येते, साधारण सव्वादोन-अडीच किलोच्या आसपास गेली की कधीही. दुसरं जात. सयामी लवकर येतात, पर्शियन उशिरा, पर्शियन कधी कधी वर्षाची होते तरी काही नाही, आणि मग लोक समजतात हिला माज येतच नाही वाटतं. येतो. आपली साधी गावठी मांजर मधेच कुठंतरी, सहा महिने धरून चाला. तिसरं म्हणजे उजेड, आणि हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. मांजरीचा माज दिवसाच्या लांबीवर चालतो, 12 ते 14 तास उजेड मिळाला की शरीर तयार होतं. थंड देशात हिवाळ्यात दिवस इतका छोटा होतो की मांजरी तीन-चार महिने गप्प असतात. आपल्या कोल्हापुरात जूनमधे दिवस 13 तासांचा आणि डिसेंबरमधे 11 चा, फरक काय फार नाही, त्यात घरात रात्री अकरापर्यंत ट्यूबलाइट आणि टीव्ही चालू, म्हणजे मांजरीच्या हिशेबानं बारा महिने उन्हाळाच. त्यामुळं "थंडीत काही होत नाही" यावर विसंबून राहू नका. चौथं, आसपास बोका फिरत असेल तर त्याच्या वासानं, आवाजानं पण लवकर येते.

सगळा हिशेब वयावर, आणि वयच माहीत नसतं ही खरी अडचण. निम्म्या लोकांना मांजर रस्त्यावर सापडलेली असते नाहीतर कुणीतरी बुट्टीत घालून आणून दिलेली असते, "दोन महिन्यांची आहे बघा" म्हणून. दात बघा. पिल्लू मांडीवर घ्या, झोपाळलेलं असताना, वरचा ओठ अंगठ्यानं हळूच वर करा. पुढचे सहा बारके दात दिसतील, तांदळाच्या कणीएवढे. ते अगदी बारीक आणि टोकदार असतील तर दुधाचे. साडेतीन-चार महिन्यांच्या आसपास हे पडून जरा रुंद पांढरे कायमचे दात येतात. मग सुळे बघा. दुधाचा सुळा सुईसारखा पातळ असतो, आणि पाच-सहा महिन्यांत त्याच्या शेजारून जाड सुळा वर येतो, काही दिवस दोन्ही एकाच जागी दिसतात, दुहेरी. दुहेरी सुळे दिसले म्हणजे समजा वेळ झालीय, आजच फोन करा. सुळे पूर्ण मोठे झालेत म्हणजे सहा महिने होऊन गेले. वजनाचा अंदाज पण लागतो, दोन महिन्यांचं पिल्लू किलोभर नाहीतर थोडं कमी, आणि पुढं महिन्याला अर्धा किलो धरा, पण रस्त्यावरची उपाशी पिल्लं वजनानं फसवतात, दात फसवत नाहीत.

माज ओळखायचा कसा. आपल्याकडं आजूबाजूच्या गावातनं घराघरात म्हशी, त्यामुळं म्हैस माजावर आली हे सांगायला कुणाला डॉक्टर लागत नाही, पण तोच हिशेब मांजरीला लावला की गडबड होते. म्हशीचं चक्र 21 दिवसांचं, सोट म्हणजे चिकट स्राव दिसतो, आणि तिचं बीज आपोआप सुटतं. मांजरीचं बीज बोका लागल्याशिवाय सहसा सुटतच नाही. म्हणजे बोका नाही लागला तर माज आठवडाभर चालतो, थांबतो, आणि दोन-तीन आठवड्यांत परत. परत थांबतो परत येतो. काही मांजरी तर जवळजवळ सलगच असल्यासारख्या वाटतात, घरातली माणसं रडकुंडीला येतात. आणि मांजरीला कुत्रीसारखं रक्त जात नाही. मांजरीच्या अंगावरून रक्त किंवा घाण पाणी जातंय म्हणजे तो माज नाही, ते वेगळं काहीतरी आहे, लगेच डॉक्टर.

दिसतं ते असं. एकदम लाडात येते, पायाला, दाराला, गॅस सिलेंडरला, दिसेल त्याला गाल घासते. फरशीवर गडाबडा लोळते. पाठीवरून शेपटीच्या मुळापर्यंत हात फिरवला की पुढचं अंग खाली, मागचं अंग वर, शेपटी एका बाजूला, आणि मागचे पाय जागच्या जागी तुडवते. ही शेपटी बाजूला करण्याची खूण बघितली की शंका उरत नाही. खाणं कमी होतं. कधी भिंतीवर, पडद्यावर मुतते. आणि ओरडते, आणि ते नेहमीचं म्यांव नाही, लांबलचक रडका सूर, रात्री दोन वाजता, की शेजारचे दार वाजवून विचारतात "मांजर मरायला लागलंय काय ओ". पहिल्यांदा बघणाऱ्याला हमखास वाटतं हिचं पोट दुखतंय नाहीतर पाठ मोडलीय. पोटदुखीतली मांजर मात्र कोपऱ्यात जाऊन बसते, हात लावू देत नाही, माजावरची अंगावर अंगावर येते. एक खबरदारी, मांजर सारखी ट्रेमधे जाऊन बसते, जोर करते आणि थेंब थेंब लघवी होते, तर तो माज समजू नका, ती लघवीची तक्रार आहे.

माज सुरू झालाच असेल आणि ऑपरेशन झालेलं नाही, तर आठवडाभर पहारा. खिडक्यांना जाळी पाहिजे, साधी डासांची नव्हे, ती नखानं फाटते. पेठांतल्या घरांत तर कौलावरून कौलावर बोका येतो, वरची माळ्याची खिडकी लोक विसरतात आणि तिथनंच सगळं होतं. दूधवाला, पेपरवाला, कामाच्या मावशी, दार उघडं राहायला अर्धा मिनिट पुरे. तिला एका खोलीत ठेवा, ट्रे स्वच्छ ठेवा, खेळवा दमवा, कुशीला उबदार कपडा द्या. थोडं शांत होते, बंद होत नाही. "बंद करायच्या गोळ्या" म्हणून मेडिकलमधनं किंवा कुणाच्या सांगण्यावरून हार्मोनच्या गोळ्या, बायकांच्या पाळीच्या गोळ्या देऊ नका, त्यानं गर्भाशयात पू होणं, आचळांच्या गाठी, डायबेटिस असली दुखणी लागतात. कापसाची काडी वापरून माज थांबवायचा एक उद्योग पण लोक सांगतात, तो घरी अजिबात करायचा नाही, आत इजा होते.

आणि सख्खा भाऊ घरात असेल तर तो पण बोकाच. बहीण-भाऊ आहेत, एकत्र वाढलेत, असलं नातं मांजरांत नसतं. बोका पण पाच-सहा महिन्यांत तयार होतो.

आता "एकदा तरी पिल्लं होऊ देत, मग करा, नाहीतर पाप लागतं" हे. हे प्रत्येक घरात कुणी ना कुणी म्हणतंच, आमच्या शेजारच्या आक्का तर मांजरीकडं बघून डोळ्यात पाणी आणतात. आक्कांचा जीव चांगला आहे, पण मांजरीला आई झाल्यानं तब्येतीचा काही फायदा होत नाही. उलट आहे. पहिल्या माजाच्या आधी, सहा महिन्यांच्या आत ऑपरेशन झालं तर आचळाच्या कॅन्सरचा धोका 91 टक्क्यांनी कमी होतो, वर्षाच्या आत केलं तर 86 टक्के, आणि एकदा वर्ष उलटलं की हा फायदा झपाट्यानं घसरतो, दुसऱ्या वर्षात केलं तर 11 टक्क्यांवर येतो. 2005 साली छापून आलेल्या अभ्यासातले हे आकडे. मांजरीच्या आचळाच्या गाठी बहुतेक वेळा कॅन्सरच्याच निघतात म्हणून हे महत्त्वाचं. गर्भाशयात पू होण्याची भीती तर पूर्णच जाते, गर्भाशयच नाही तर पू कुठं होणार. अमेरिकेतल्या पशुवैद्यांच्या एका टास्क फोर्सनं 2016 मधे पाच महिन्यांच्या आत करा असंच सांगितलं, पण आपल्याकडं अजून "सहा महिने होऊ देत, एक हीट जाऊ दे" म्हणणारे डॉक्टर पण भेटतात. वाद घालू नका, शांतपणे विचारा, पाच महिन्यांची, दोन-सव्वादोन किलोची, लसी झालेली मांजर तुम्ही करता का. नाही म्हणाले तर दुसरीकडं विचारा.

लवकर केलं तर वाढ खुंटते, हे पण खरं नाही. झालंच तर हाडं किंचित लांब होतात, मांजरीला त्याचा त्रास काही नाही.

तारखेचं गणित असं मांडा. आठ आठवड्यांना ट्रायकॅटचा (मांजरांच्या तीन रोगांवरची एकत्र लस) पहिला डोस, तीन-चार आठवड्यांनी दुसरा, सोळाव्या आठवड्याला डॉक्टर म्हणाले तर तिसरा, तीन महिन्यांनंतर रेबीज, मधे मधे जंताचं औषध. शेवटच्या डोसनंतर आठ-पंधरा दिवस सोडले की चार-सव्वाचार महिने होतातच, तिथनं पाच महिने व्हायच्या आतली तारीख. शेवटच्या लसीला गेलात तेव्हाच तिथं उभ्या उभ्या तारीख घेऊन टाका, घरी येऊन फोन करू म्हटलं की राहतंच. आणि कोल्हापूरकरांनी पावसाचा हिशेब धरावा. फेब्रुवारी-मार्चला झालेली पिल्लं बरोबर जुलै-ऑगस्टला पाच महिन्यांची होतात, तेव्हा पंचगंगेचं काय चाललंय त्यावर सगळं. 2019 ला आणि 2021 ला पुरात काय झालं बघितलंय आपण, निम्मं शहर बंद, बाहेरगावचे रस्ते बंद, माणसाला औषध मिळेना. गगनबावडा नाहीतर शिरोळकडनं शहरात मांजर घेऊन येणार असाल तर जूनमधेच उरका, साडेतीन-चार महिन्यांची असली तरी चालतं, अंगानं नीट असेल आणि डॉक्टर लहान पिल्लांची करत असतील तर. शिवाय दमट हवेत जखम कोरडी ठेवायची पण डोकेदुखी असते.

माज चालू असतानाच ऑपरेशन करता येतं का, तर येतं, सवयीचे डॉक्टर करतात, पण तेव्हा तिथं रक्तपुरवठा वाढलेला असतो, थोडं जास्त रक्त जाऊ शकतं, म्हणून बरेच जण थांबा म्हणतात. थांबायचं असेल तर नीट थांबा. माज संपल्यावर पाच-सात दिवसांची तारीख घ्या, पुढचा यायच्या आत. "बघू महिनाभरानं" म्हटलं की पुढचा माज येऊन बसतो आणि परत तेच. बोका लागलाय अशी शंका असेल तर डॉक्टरला आधीच सांगा, लपवू नका, सुरुवातीच्या दिवसांत ऑपरेशन करता येतं. मांजर 63 ते 65 दिवसांत विते, त्यामुळं विचार करायला वेळ कमी असतो. आणि पिल्लं झालेलीच असतील तर दूध पाजतेय म्हणून गाफील राहू नका, पाजता पाजता परत माजावर येते. पिल्लं दुधावरनं तुटली, आचळं सुकली, की साधारण दोन आठवड्यांत करून घ्या, तोपर्यंत ती घराबाहेर नको.

डॉक्टर निवडताना मी नाव कुणाचं सांगणार नाही, पण काय विचारायचं ते सांगते. मांजरींची ऑपरेशनं नेहमी करता का, हा पहिला प्रश्न. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात खर्च कमी पडतो पण तिथं गाई-म्हशीचं काम जास्त, मांजरीचं करतात का आणि कुठल्या दिवशी हे जाऊन विचारून या. खाजगीत राजारामपुरी, शाहूपुरी, ताराबाई पार्क कुठंही जा, भूल कशानं देणार, आधी रक्त तपासणार का, दुखू नये म्हणून इंजेक्शन देणार का, टाके विरघळणारे की काढायचे, कापणार पोटाच्या मधून की कुशीवरून, आणि रात्री काही झालं तर फोन कुणाला करायचा. शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आणि तोच कुणी विचारत नाही. फक्त रेट विचारून फोन ठेवतात लोक.

आदल्या रात्री उपाशी किती ठेवायचं ते डॉक्टर सांगतील तेवढंच. मोठ्या मांजरीला सहा-आठ तास, पण पाच महिन्यांच्या पिल्लाला बारा-बारा तास उपाशी ठेवलं तर साखर उतरते, त्याला बहुतेकदा चार ते सहा तास पुरतात. पाणी काढून घेऊ नका, निघेपर्यंत असू दे. न्यायला कॅरिअर पाहिजे, नसेल तर झाकणाची घट्ट बुट्टी, वरून ओढणीनं बांधलेली. पिशवीत किंवा हातात घेऊन रिक्षात बसायचं नाही, एक हॉर्न वाजला की गेली ती कायमची. एप्रिल-मे असेल तर सकाळची पहिली वेळ मागा.

घरी आणल्यावर पहिल्या रात्री डोळे उघडे असतात पण मांजर जागी नसते, हे बघून लोक घाबरतात. भूल उतरेपर्यंत झोकांड्या खाते, भिंतीला धडकते, म्हणून पलंगावर नको, जमिनीवर गोधडी, खोलीत अंधार, आणि ऊब, कारण भुलीत अंग थंड पडतं. गरम पाण्याची बाटली दिली तर कपड्यात गुंडाळून, आणि तिला बाजूला सरकता येईल अशी. नीट चालायला लागली की चमचा-दोन चमचे खायला, उकडलेल्या चिकनचे बारीक धागे, त्यात मीठ-मसाला-कांदा-लसूण काही नाही. रविवार आहे म्हणून पांढरा रस्सा वाटीत घालून दिला असं करू नका, कांदा-लसूण मांजरीला विषारी आहे. दूध पण नको, जुलाब लागतात आणि जोर टाक्यांवर पडतो.

आणि हे दोनदा वाचा. दुखतंय म्हणून क्रोसिन, पॅरासिटामॉल, ब्रुफेन, कसलीच माणसाची गोळी द्यायची नाही. पॅरासिटामॉलच्या एका गोळीनं मांजर मरते. जखमेवर डेटॉल लावायचं नाही, ते पण मांजरीला विषारी, चाटून पोटात जातं. हळद-तेल नको. जखमेला काहीच लावायचं नाही, फक्त चाटू द्यायची नाही.

चाटू न द्यायला गळ्यात कोन घालतात, बऱ्याच मांजरी तो घालून मागं मागं चालतात आणि पुतळा होऊन बसतात. लहान अंगाच्या मांजरीला लहान मुलाच्या जुन्या लेगिंगचा पाय कापून झगा होतो, वरून डोकं, पुढं दोन भोकं पुढच्या पायांना, मागं दोन भोकं मागच्या पायांना, शेपटीखाली मोकळं. कापड घट्ट बसायला पाहिजे पण खाली बोट गेलं पाहिजे. दिवसातनं दोनदा काढून जखम बघा. कड जुळलेली, किंचित गुलाबी, कोरडी, म्हणजे झकास. टाक्याखाली वाटाण्याएवढी टणक गाठ लागली तर ती बऱ्याचदा आतल्या टाक्यांची असते, पण फोटो काढून डॉक्टरला पाठवा. रक्त थेंब थेंब येतंय, हिरड्या पांढऱ्या पडल्यात, पोट फुगलंय, वास येतोय, टाके उसवलेत, किंवा 24 तास तोंडात काही घेतलं नाही, यातलं काहीही दिसलं तर वाट बघायची नाही. दहा ते चौदा दिवस उड्या बंद, आंघोळ बंद, आणि तिसऱ्या दिवसापासनं ती कपाटावर चढायला बघणार, कारण तिला बरं वाटायला लागलेलं असतं, तेच अवघड दिवस.

ऑपरेशननंतर आठवडाभर थोडं माजासारखं वागली तर चालतं, अंगातले हार्मोन उतरायला वेळ लागतो. पण महिना-दोन महिन्यांनी परत शेपटी बाजूला करून तुडवायला लागली, ओरडायला लागली, तर बीजांडाचा तुकडा आत राहिला असू शकतो. असं क्वचित होतं, पण होतं. तसं वागत असतानाच दाखवायला न्या, व्हिडिओ काढून न्या.

खाण्याचं म्हणजे, ऑपरेशननंतर भूक वाढते आणि शरीराची गरज पाव हिश्श्यानं कमी होते, म्हणून लोक म्हणतात ऑपरेशननं मांजर फुगते. वाढ पूर्ण होईपर्यंत पिल्लाचंच खाणं द्या, पण वाटी भरून ठेवायची सवय मोडा, मोजून दोन-तीन वेळा. आणि घरात भाऊ असेल तर त्याचं पण त्याच महिन्यात करून टाका, त्याचं तर सोपं असतं, मात्र झाल्या झाल्या त्याला बिनधास्त सोडू नका, आत राहिलेल्या बीजावर तो चार-सहा आठवडे पिल्लं घालू शकतो, तेवढे दिवस ऑपरेशन न झालेल्या मादीपासनं लांब.